शंका-समाधान : आधी छाती, श्वास आणि शॉक, इंजेक्शन त्यानंतर

हृदयक्रिया बंद पडलेल्या रुग्णाला परत आणण्याविषयी मराठवाड्यातल्या दवाखान्यांतून बरेच प्रश्न आले. त्यांतले काही या अंकात घेतले आहेत. उत्तरं डॉक्टर, परिचारिका आणि रुग्णवाहिकेवरच्या मंडळींसाठी आहेत. विचारणाऱ्यांची नावं छापलेली नाहीत. मुलांचा डोस जिथे आहे तिथे तसं लिहिलं आहे. बाकी सगळे डोस प्रौढांचे.

प्रश्न : रात्रपाळीला मी, डॉक्टर आणि मावशी एवढेच असतो. ट्रेनिंगमध्ये सहा जणांची टीम दाखवतात. तिघांनी नेमकं कसं करायचं?
(अधिपरिचारिका, ग्रामीण रुग्णालय, लातूर जिल्हा)

तिघांत काम होतं. फक्त पहिल्या दोन मिनिटांत काय करायचं नाही, हे आधी ठरलेलं हवं. शीर शोधायची नाही, श्वासनळीत नळी घालायची नाही, कपाटाची किल्ली शोधायची नाही. एकाने छाती दाबायची, एकाने अँब्यू बॅग (हाताने पिळून श्वास द्यायची पिशवी) धरायची आणि तिसऱ्याने डिफिब (हृदयाला विजेचा शॉक देणारं मशीन) आणून लावायचा. डिफिब लागला की तो माणूस मोकळा होतो. मग त्याने शीर घ्यावी आणि औषध भरावं.

मावशींना छाती दाबायला शिकवा. हे आम्ही गमतीने लिहीत नाही. दोन मिनिटं नीट दाबलं की कुणाचाही जोर उतरतो, आणि दाबणाऱ्याला स्वतःला ते कळत नाही. म्हणून दर दोन मिनिटांनी माणूस बदलायचाच, ‘मी ठीक आहे’ असं तो म्हणाला तरी. तिघांत अदलाबदल करायची तर तिघांनाही दाबता आलं पाहिजे.

दाबायची जागा म्हणजे उरोस्थीचा खालचा अर्धा भाग. खोली किमान ५ सेंमी, ६ च्या वर नाही. वेग मिनिटाला १०० ते १२०. नळी किंवा आय-जेल (घशात बसवायची, श्वासनळीच्या तोंडावर टेकणारी मऊ नळी) नसेल तर ३० दाब आणि २ श्वास, असे पाच फेरे म्हणजे साधारण दोन मिनिटं. वेग बहुतेकांचा बरोबर असतो, किंबहुना घाईत १४० वर जातो आणि मग खोली कमी पडते. चूक होते ती दाब सोडताना. दमलेला माणूस छातीवर हात टेकून उभा राहतो, छाती पूर्ण वर येत नाही, हृदयात रक्त परत भरत नाही. तळहात त्वचेला लागलेला असू द्या, पण अंगाचा भार पूर्ण काढा. कॉट उंच असेल तर पायाखाली स्टूल घ्या. कोपर वाकवून दाबणारे बहुतेक वेळा उंची न पुरल्यामुळेच तसं करतात. गादी मऊ असेल तर पाठीखाली लाकडी फळी सरकवा, पण फळी शोधण्यात वेळ घालवू नका.

दुसरी मोठी चूक थांबण्याची. दाब थांबला की हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांतला दाब काही सेकंदांत कोसळतो, आणि पुन्हा सुरू केल्यावर तो पहिल्या पातळीला यायला बरेच दाब खर्च होतात. त्यामुळे नाडी बघायला १० सेकंदांपेक्षा जास्त नाही. नाडी मानेतलीच बघा, मनगटातली नाही. शंका वाटली तर नाडी नाही असं धरून दाबायला लागा.

बॅगचं सांगायचं तर, प्रौढांच्या बॅगेत दीड लिटरच्या आसपास हवा मावते. पूर्ण पिळायची नसते. एका सेकंदात एक तृतीयांश पिळा, छाती उचललेली दिसली की बस. घाबरलेला माणूस बॅग भराभर मारतो. त्याने छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे येणारं रक्त अडतं आणि पोट फुगून उलटी श्वासनळीत जाते. आय-जेल किंवा नळी बसली की मग ३०:२ सोडून द्या. दाब सलग चालू ठेवा आणि दर ६ सेकंदांनी एक श्वास द्या. आमचं मत विचाराल तर लहान रुग्णालयात आय-जेलवर हात बसवलेला बरा. ५० ते ९० किलोच्या माणसाला ४ नंबर आणि ३० ते ६० किलोला ३ नंबर लागतो. नळीसाठी दाब थांबवून अर्धा मिनिट घशात बघत बसणं रुग्णाला परवडत नाही.

प्रश्न : आमच्याकडे अ‍ॅड्रेनलिन, अ‍ॅट्रोपिन, सोडाबायकार्ब असं सगळं एकापाठोपाठ देण्याची पद्धत आहे. यातलं काय ठेवायचं, काय सोडायचं?
(वैद्यकीय अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र, हिंगोली जिल्हा)

अ‍ॅट्रोपिन सोडा. सरळ रेषेत किंवा नाडीविना चालणाऱ्या ईसीजीत त्याचा उपयोग दिसला नाही, म्हणून २०१० च्या अमेरिकन मार्गदर्शक सूचनांतून ते काढलं गेलं. तरी ट्रेमध्ये सवयीने त्याचे अ‍ॅम्प्युल आधी फुटतात. नाडी आहे पण फार मंद आहे आणि बीपी पडलंय, तिथे ते द्या. १ मिग्रॅ, दर ३ ते ५ मिनिटांनी, एकूण ३ मिग्रॅपर्यंत. आपल्याकडचा अ‍ॅम्प्युल ०.६ मिग्रॅचा असतो, म्हणजे दोन फोडले की १.२ होतात. तेवढ्याने बिघडत नाही.

अ‍ॅड्रेनलिन १ मिग्रॅ, दर ३ ते ५ मिनिटांनी. हिशेब सोपा ठेवायचा तर दोन मिनिटांची एक फेरी सोडून एक, म्हणजे चार मिनिटांनी. पहिला डोस कधी द्यायचा ते ईसीजीवर ठरतं. शॉक देण्याजोगी लय नसेल तर शीर मिळताक्षणी द्या, यात उशीर झाला की फायदा कमी होतो. व्हीएफ (हृदय नुसतं थरथरतं) किंवा नाडी नसलेला व्हीटी (हृदयाचे खालचे कप्पे अतिवेगाने धडधडतात) असेल तर आधी शॉक. दुसऱ्या शॉकनंतरही लय तीच राहिली तर अ‍ॅड्रेनलिन. तिसऱ्यानंतरही राहिली तर अमायोडेरोन ३०० मिग्रॅ, म्हणजे १५० चे दोन अ‍ॅम्प्युल, आणि गरज पडली तर पुढे एकदा १५०. अमायोडेरोन नसेल तर लिग्नोकेन १ ते १.५ मिग्रॅ प्रति किलो. इथे एक धोका आहे. टाके घालायला वापरतात त्या व्हायलमध्ये अ‍ॅड्रेनलिन मिसळलेलं असू शकतं. लेबल वाचल्याशिवाय ती शिरेत जाता कामा नये, आणि इमर्जन्सी ट्रेमध्ये तर ती ठेवूच नका.

प्रत्येक औषधामागे २० मिली सलाइन जोरात सोडा आणि हात १०-२० सेकंद उंच धरा. मनगटाच्या बारीक शिरेत दिलेलं अ‍ॅड्रेनलिन तिथेच पडून राहतं. नीट दाब चालू असतानाही रक्ताभिसरण नेहमीच्या एक चतुर्थांश-एक तृतीयांश इतकंच असतं. कोपराजवळची जाड शीर घ्या. दोनदा प्रयत्न करून मिळाली नाही तर नडगीच्या हाडात सुई घाला. नळीतून औषध टाकणं हा शेवटचा पर्याय, कारण किती शोषलं जाईल याचा भरवसा नसतो.

लहान मुलांना अ‍ॅड्रेनलिन ०.०१ मिग्रॅ प्रति किलो. १ मिलीचा अ‍ॅम्प्युल १० मिलीच्या सिरिंजमध्ये घ्या, ९ मिली सलाइन घाला, आणि त्यातलं किलोमागे ०.१ मिली द्या. १० किलोच्या मुलाला १ मिली. सिरिंजवर पट्टी लावून लिहा. घाईत पूर्ण सिरिंज गेल्याच्या चुका होतात.

सोडाबायकार्ब सगळ्यांना नाही. पोटॅशियम वाढलेला किडनीचा रुग्ण असेल, डायलिसिस चुकलेलं असेल, किंवा नैराश्यावरच्या जुन्या पिढीतल्या (ट्रायसायक्लिक) गोळ्या मुठीने घेतल्या असतील, तिथे ते कामाचं. साधारण १ मिलिइक्विव्हॅलंट प्रति किलो, म्हणजे ७.५ टक्क्यांचे १० मिलीचे पाच-सहा अ‍ॅम्प्युल. त्याच लाइनमधून कॅल्शियम गेलं तर पांढरा साका बसून लाइन बंद होते, आणि अ‍ॅड्रेनलिन गेलं तर निष्प्रभ होतं. मध्ये सलाइनने लाइन धुवून घ्या.

प्रश्न : डिफिब चार्ज झाला, बटणं दाबली, पण शॉक गेलाच नाही. मशीन तर दुरुस्त निघालं. असं का होतं?
(१०८ वरील डॉक्टर, बीड जिल्हा)

‘सिंक’ चालू राहिलेलं असतं, बहुतेक वेळा हेच कारण. सिंक चालू असलं की मशीन ईसीजीतली उंच लाट शोधतं आणि तिच्यावर शॉक सोडतं. व्हीएफमध्ये तशी लाटच नसते, त्यामुळे मशीन वाट बघत राहतं. आधी कुणीतरी नाडी असलेल्या रुग्णाला सिंक करून शॉक दिलेला असतो आणि बटण तसंच राहतं. दुसरं कारण साधं आहे. दोन्ही पॅडलवरची बटणं एकत्र दाबून शॉक सुटेपर्यंत धरायची असतात. एक सुटलं की शॉक जात नाही.

स्क्रीनवर सरळ रेषा दिसली तर लगेच ‘गेला’ म्हणू नका. अनेकदा मशीनवर ‘पॅडल’ ऐवजी ‘लीड’ (ईसीजीच्या वायर) निवडलेली असते आणि लीड लावलेल्याच नसतात. वायर जागची हलली का, लीड बदलून रेषा बदलते का, गेन (रेषेची उंची) वाढवल्यावर बारीक थरथर दिसते का, हे तीन बघायला दहा सेकंद लागतात. खरीच सरळ रेषा असेल तर शॉक देऊ नका. उगाच एक मारून बघू, यात फक्त दाबण्याचा वेळ जातो.

बायफेजिक (वीज दोन्ही दिशांनी सोडणाऱ्या) मशीनला कंपनीने सांगितलेली ऊर्जा, बहुधा १२० ते २०० ज्यूल. माहीत नसेल तर मशीनची सर्वांत जास्त. जुन्या मोनोफेजिकला (एकाच दिशेने सोडणाऱ्या) ३६०. मुलांना पहिल्यांदा २ ज्यूल प्रति किलो, मग ४. जेली डिफिबची किंवा ईसीजीची घ्या, सोनोग्राफीची नाही. ती वीज नीट वाहून नेत नाही आणि कातडी भाजते. पॅडल साधारण ८ किलोच्या जोराने दाबून धरा. घामाने किंवा पाण्याने भिजलेली छाती आधी पुसा. ऑक्सिजनचा मास्क किंवा बॅग किमान एक मीटर दूर करा, ही गोष्ट धावत्या गाडीत हमखास राहते. मशीन चार्ज होत असताना दाब चालू ठेवायचा. ‘सगळे बाजूला’ म्हणून, बघून, शॉक. शॉक गेल्याबरोबर नाडी न बघता पुन्हा दोन मिनिटं दाबायचं, कारण लय सुधारली तरी पहिलं मिनिटभर हृदयाला रक्त ढकलायची ताकद नसते.

प्रश्न : छाती दाबताना कट्कन आवाज आला. फासळी मोडली असावी. पुढे दाबावं का?
(परिचारिका, जालना जिल्हा)

हो. हाताची जागा बरोबर आहे का तेवढं बघा आणि तितक्याच खोल दाबा.

प्रश्न : औषध (कीटकनाशक) पिलेले आणि पान लागलेले (साप चावलेले) रुग्ण श्वास बंद अवस्थेत येतात. बाहुल्या कधी टाचणीएवढ्या, कधी पूर्ण पसरलेल्या. मृत घोषित करण्याची घाई होते, असं वाटतं. तुमचं मत काय?
(वैद्यकीय अधिकारी, परभणी जिल्हा)

घाई होते, हे खरं. आपल्या भागात तरुण माणूस असा येतो तेव्हा बहुतेक वेळा हृदय मुळात धडधाकट असतं. श्वास आधी थांबलेला असतो आणि हृदय नंतर. म्हणून इथे ‘फक्त छाती दाबा’ हा रस्त्यावरच्या सामान्य माणसाला दिलेला सल्ला लागू नाही. इथे हवा पहिल्यापासून हवी.

मण्यार चावलेला रुग्ण पाहा. जमिनीवर झोपलेला असतो, चावा दुखत नाही, पहाटे पोटात दुखतं, पापण्या पडतात, मग गिळता येत नाही आणि श्वास थांबतो. या विषाने डोळ्यांचे स्नायूही लुळे पडतात. त्यामुळे बाहुल्या पसरलेल्या, टॉर्चला हलत नाहीत, हातपाय गळालेले, आणि तरी मेंदू जागा असतो. रुग्ण तुमचं बोलणं ऐकत असू शकतो. बाहुल्यांवरून त्याला मृत म्हणणं ही चूक आहे. नाडी असेल तर दर ६ सेकंदांनी एक श्वास द्या, प्रतिसर्पविषाच्या १० व्हायल तासाभरात सोडा आणि बॅग मारत पुढे न्या. मण्यारीचं विष प्रतिसर्पविष आणि निओस्टिग्मिन या दोन्हींना अनेकदा फारशी दाद देत नाही. नागाच्या विषात निओस्टिग्मिनने फरक पडतो, आणि ते देताना ०.६ मिग्रॅ अ‍ॅट्रोपिन आधी द्यायचं. पण कृत्रिम श्वास काही दिवस चालू राहिला तर मण्यार चावलेले रुग्णही उठून घरी जातात.

फवारणीचं औषध पिलेल्याचं गणित वेगळं. ऑर्गेनोफॉस्फेटमध्ये (कीटकनाशकांचा एक गट) फुप्फुसं पाण्याने भरतात, नाडी मंदावते, बाहुल्या टाचणीएवढ्या होतात. इथे अ‍ॅट्रोपिन हातचं राखून देऊ नका. सुरुवात १.८ ते ३ मिग्रॅ, म्हणजे ३ ते ५ अ‍ॅम्प्युल. दर ५ मिनिटांनी छाती ऐका. घरघर कमी झाली नाही तर डोस दुप्पट. छाती कोरडी, नाडी ८० च्या वर, वरचं बीपी ८० च्या वर, ही थांबायची खूण. बाहुल्या मोठ्या होण्याची वाट बघू नका, त्या मागाहून येतात. ऑक्सिजन नाही म्हणून अ‍ॅट्रोपिन अडवू नका. नळी घालताना सक्सिनिलकोलीन टाळा, या विषात त्याचा परिणाम तासन्‌तास उतरत नाही. अंगावरचे कपडे काढून साबणाने धुवा, दोन हातमोजे घाला, तोंडाने श्वास अजिबात देऊ नका. आणि नातेवाइकांपैकी एकाला बाटली किंवा डबा आणायला परत पाठवा. ‘कीटकनाशक’ एवढ्या शब्दावर उपचार ठरत नाही. तणनाशक, उंदराचं औषध आणि धान्यातल्या गोळ्या यांना अ‍ॅट्रोपिनचा उपयोग नाही.

प्रश्न : मृगाच्या आधी वीज पडून एका शेतातले चार-पाच जण एकदम येतात. आधी कुणाला बघायचं? आणि मोटारीचा करंट बसलेल्यालाही तेच लागू का?
(समुदाय आरोग्य अधिकारी, धाराशिव जिल्हा)

विजेच्या बाबतीत नेहमीचा क्रम उलटा करा. जो निपचित पडलाय, श्वास नाही, नाडी नाही, तो पहिला. विव्हळणारे, भाजलेले, ऐकू न येणारे नंतर. कारण असं की ज्यांचं हृदय त्या क्षणी थांबलं नाही ते बहुतेक वाचतातच. ज्याचं थांबलं त्याचं हृदय अनेकदा आपोआप पुन्हा सुरू होतं, पण मेंदूतलं श्वासाचं केंद्र बधिर राहतं. श्वास न मिळाल्याने हृदय दुसऱ्यांदा थांबतं, आणि ते थांबणं जीव घेतं. मधल्या वेळात कुणी नुसते श्वास दिले तरी माणूस तरू शकतो.

वीज पडलेल्याच्या अंगात करंट राहत नाही, लगेच हात लावा. त्याचे हातपाय काही तास थंड, निळे, लुळे आणि नाडीविना असू शकतात, म्हणून नाडी मानेतच शोधा. इथेही पसरलेल्या बाहुल्यांवर विसंबू नका.

मोटारीच्या करंटमध्ये हृदय बहुधा व्हीएफमध्ये जातं, म्हणजे डिफिब लवकर पोचणं महत्त्वाचं. पण आधी वीज तोडा. स्टार्टर बंद केला तरी पेटीपर्यंतच्या वायरमध्ये करंट असतोच, मेन स्विच किंवा डीपीवरून बंद झाल्याची खात्री करा. ११ केव्हीची तार पडली असेल तर कोरड्या काठीचाही भरवसा नाही. महावितरणने लाइन बंद केल्याशिवाय जवळ जाऊ नका. विहिरीत किंवा शेततळ्यात बुडालेल्याला बाहेर काढताना पाण्यात मोटार चालू आहे का, हेही बघा. बुडालेल्याला सुरुवात श्वासाने करायची, दाब नंतर. पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका, त्याने उलटीच श्वासनळीत जाते.

प्रश्न : प्रसूतिगृहात गर्भवतीची हृदयक्रिया थांबली तर काय वेगळं करायचं?
(अधिपरिचारिका, नांदेड जिल्हा)

गर्भाशय बेंबीच्या वर असेल तर ते मोठ्या शिरांवर दाब देतं आणि छाती दाबूनही रक्त वर येत नाही. एकाने दोन्ही हातांनी पोट आईच्या डाव्या बाजूला ढकलून धरायचं. आईला कुशीवर करू नका, कुशीवर दाब नीट बसत नाही. शीर हातातच घ्या, पायात नको. मॅग्नेशियम सल्फेट चालू असेल तर बंद करा आणि १० टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट ३० मिली द्या. शॉकची ऊर्जा आणि औषधांचे डोस तेच. शस्त्रक्रिया करणारा हजर असेल आणि हृदय सुरू होत नसेल तर पाच मिनिटांच्या आत बाळ बाहेर यावं, याच कॉटवर. थिएटरमध्ये हलवण्यात ती पाच मिनिटं संपतात. हे आधी आईसाठी करायचं असतं, बाळासाठी नंतर, त्यामुळे बाळाचे ठोके शोधत बसू नका.

प्रश्न : किती वेळ करायचं? आणि नाडी परत आली तर पुढे काय? किनवटहून नांदेडला पोचायला तीन तास सहज लागतात.
(वैद्यकीय अधिकारी, नांदेड जिल्हा)

एकाच आकड्यावर थांबू नका. नीट सीपीआर (छाती दाबणं आणि श्वास देणं) होऊन २० मिनिटं सलग सरळ रेषा, सुधारण्याजोगं कारण नाही, आणि नळीवर कॅप्नोग्राफ (बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजणारं यंत्र) असेल तर त्याचा आकडा १० च्या खाली, असं सगळं जुळलं तर थांबण्याचा विचार रास्त. विष, सर्पदंश, वीज, गार पडलेलं शरीर, तरुण वय, यांत जास्त वेळ द्या. आणि थांबण्याआधी एकदा मोठ्याने कारणं उच्चारा. प्राणवायू कमी, रक्त कमी, पोटॅशियम, आम्ल, थंडी, छातीत साठलेली हवा, हृदयाभोवती साठलेलं रक्त, विष, फुप्फुसातली किंवा हृदयातली गुठळी. मोठ्याने म्हटलं की टीममधल्या कुणाला तरी राहिलेलं आठवतं.

नाडी आली की बॅग मारण्याचा वेग आधी कमी करा, मिनिटाला दहा. ऑक्सिजनचं प्रमाण ९२ ते ९८ च्या मध्ये, वरचं बीपी किमान ९०. पंप नसेल तर १ मिग्रॅ अ‍ॅड्रेनलिन ५०० मिली सलाइनमध्ये घाला. साध्या सेटवर, जिथे २० थेंबांचा एक मिली होतो, मिनिटाला २० थेंब म्हणजे २ मायक्रोग्रॅम. बीपी बघत १०० थेंबांपर्यंत, म्हणजे १० मायक्रोग्रॅमपर्यंत जाता येतं. बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा, नाहीतर गाडीत कुणीतरी साधं सलाइन समजून पूर्ण सोडतो. साखर तपासा. ईसीजी काढा, पण नाडी आल्याच्या पहिल्या काही मिनिटांतला ईसीजी फसवा असतो, दहा मिनिटांनी पुन्हा काढा. उन्हाळ्यात बंद गाडीत अंग तापतं, ताप येऊ देऊ नका.

नाडी आल्याबरोबर गाडीत टाकून निघू नका. पुन्हा बंद पडण्याची शक्यता पहिल्या काही मिनिटांत जास्त असते, आणि हलत्या गाडीत एकट्याने नीट दाबता येत नाही. बीपी धरेपर्यंत थांबा, डिफिबचे पॅड छातीवरच राहू द्या, पुढच्या रुग्णालयाला फोन करून कळवा. निघताना सिलिंडर मोजा. भरलेल्या बी-टाइपमध्ये साधारण १५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटरने तो अडीच तासांत संपतो, म्हणजे नांदेडच्या अलीकडेच. दुसरा भरलेला सिलिंडर आणि त्याचा पाना गाडीत आहे का, हे गेट सोडण्याआधी बघा.